साळिंदरावर टाकायची घोंगडी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी काही देखणी नाही. करड्या रंगाची, अंगाला टोचणारी, धुराचा वास मारणारी म्हातारी घोंगडी मी. माझ्या अंगाला इतकी भोकं आहेत की उन्हात धरलंत तर जमिनीवर चाळणीची सावली पडेल. पण ही भोकं कसरीची नाहीत हं! कसर लागायला मी एका जागी पडून राहिलेच नाही कधी, निदान पूर्वी तरी. ही भोकं साळिंदरांची आहेत. हसू नका. ऐकून तर घ्या.

कुठल्याशा गिरणीत मी विणली गेले, फौजेसाठी. तिथे माझ्यासारख्या ढिगाने होत्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या. आमच्यातल्या कितीजणी कुठे गेल्या, देव जाणे. मी मात्र अमेरिकेतल्या लाकोटा जमातीच्या एका शिपायाच्या खांद्यावर बसून त्याच्या घरी आले. ओढ्याकाठी कॉटनवुडच्या झाडांत त्याचं घर होतं आणि मागे टेकड्याच टेकड्या. तिथला वारा म्हणजे काय विचारता! दोरीवर वाळत घातलं की मला घट्ट चिमटे लावावे लागायचे. पहिली काही वर्षं मी घोड्याच्या पाठीवर काढली, मग ट्रकच्या फाटक्या सीटवर. त्यानंतर शिपायाच्या बायकोची, आर्डिसची नजर माझ्यावर पडली आणि माझं नशीबच पालटलं.

आर्डिस साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम करायची. काटे धुवायचे, रंगवायचे, तोंडात धरून मऊ करायचे, दातांतून ओढून चपटे करायचे आणि मग कातड्यावर एकेक दुमडत नक्षी शिवायची. काचेचे मणी येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या बायका हे करत आल्यात. पण काटे आणायचे कुठून? त्यासाठी मी.

आमच्याकडचं साळिंदर झाडावर चढतं आणि दिवस कलला की खाली उतरतं. त्याला पळता येत नाही, नुसतं डुलत डुलत लगबग करतं. एकीने पुढून वाट अडवायची आणि दुसरीने मागून मला त्याच्यावर फेकायचं. मग बघा त्याचा राग! शेपटी आपटतं, दात वाजवतं आणि त्याचे काटे माझ्या लोकरीत रुतून बसतात. जरा वेळाने मला अलगद उचललं की ते बडबडत निघून जायचं. मग आर्डिस आभार म्हणून चिमूटभर तंबाखू जमिनीवर ठेवायची आणि पाठमोऱ्या साळिंदराला म्हणायची, "रागावू नकोस रे बाबा, पुन्हा उगवतील. तुझा फक्त अपमान झालाय, जीव नाही गेला."

वाट अडवायला तिची थोरली लेक कॉर्लिस आणि मला फेकायला धाकटी ट्वायला, अशी वाटणी होती. दोघी बहिणी दिवसभर भांडायच्या, पण त्या कामात मात्र एक शब्द न बोलता एकमेकींचं सगळं कळायचं त्यांना. एकदा ट्वायलाचा नेम चुकला आणि मी थेट कॉर्लिसच्या डोक्यावर जाऊन पडले. साळिंदर तिच्या पायांजवळून शांतपणे निघून गेलं.

"मी साळिंदर दिसते का गं तुला?" माझ्या आतून कॉर्लिस ओरडली.

"सकाळी उठतेस तेव्हा दिसतेस!" असं म्हणून ट्वायला जी पळाली ती घर येईपर्यंत थांबली नाही. त्यांची आई हसून हसून गवतात बसली होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता म्हणाल तर तो.

पुढे ट्वायला चित्रकला शिकायला शहरात गेली. मी पेटीत पडले. ती परत येणार नाही असं सगळे म्हणायचे, पण ती आली. आईकडून राहिलेलं काटेकाम शिकली आणि असं काही करू लागली की आर्डिसनेही तोंडात बोट घालावं. बाळाच्या पाळण्यावरच्या टोप्या, मोकासिन नावाचे मऊ कातडी जोडे, कधी नुसता एक तळहाताएवढा कातड्याचा तुकडा आणि त्यावर पहाटेच्या टेकड्या. लांबलांबच्या शहरांत तिची कामं काचेआड लागली. लोक काचेला नाक लावून बघतात म्हणे. कौतुक तिच्या बोटांचं झालं, काट्यांचंही झालं. घोंगडीचं कौतुक कोण करतो? माझी काही तक्रार नव्हती. ती दमून घरी यायची आणि माझ्यावरच अंग टाकायची, मला तेवढं पुरे होतं.

पण खरं सांगू? काचेआडच्या कामापेक्षा तिचा जीव रमायचा शाळेत. वस्तीतल्या शाळेत ती शिकवायची. मला वर्गात मधोमध पसरायची आणि मुलं माझ्याभोवती बसून काटे उपटायची. मानेवरचे लांब बारीक वेगळे, पोटाचे नाजूक वेगळे, शेपटीचे जाड वेगळे. मग काटे तोंडात धरायची वेळ आली की एकच गोंधळ!

"शी! आजी, याला मशीन नसतं का?" जोलेट नावाच्या एका चिमुरडीने विचारलं.

"असतं की. तुझ्याच तोंडात आहे."

"पण माझे पुढचे पडलेत!" तिने जबडा उघडून पुरावा दाखवला.

"मग तू रंग कालव. दात आले की बढती."

अशी तिची शिकवण्याची तऱ्हा. कुणाला हिणवलं नाही, कुणाला घाई केली नाही. वाकडं शिवलं तर म्हणायची, "वाकडं आहे. उसव. मीही उसवते." आणि खरोखरच शेजारी बसून स्वतःचंही उसवायची.

काटे आणायला दोघी बहिणी अजूनही माझ्यासोबत निघायच्या, केस पांढरे झाले तरी. कॉर्लिसचा नवरा लेलंड गाडी चालवायचा. आमच्यात मेव्हणीची थट्टा करणं हा दाजीचा हक्कच असतो, आणि लेलंड तो पुरेपूर वसूल करायचा. "मेव्हणीबाई, साळिंदराला आधी तुमचा फोटो दाखवू का? आपोआप काटे टाकेल." ट्वायला म्हणायची, "दाजी, तुमची विनोदाची भूक मोठी आणि स्वयंपाक अळणी." कॉर्लिस दोघांमध्ये बसून हसायची आणि मला मांडीवर घेऊन ठिगळं लावायची. एक ठिगळ तिने स्वतःचा लाल सदरा कापून लावलं होतं.

मग कॉर्लिसच्या शरीरात साखर वाढली, मूत्रपिंडं गेली आणि एका हिवाळ्यात ती स्वतःही गेली.

ट्वायलाने केस कापले. आमच्या रीतीप्रमाणे वर्षभर तिने काट्याला हात लावला नाही. मी खुर्चीवर पडून राहायचे. ती शाळेतून यायची, मला ओढून मांडीवर घ्यायची आणि लाल ठिगळावर हात ठेवून तशीच बसायची. दिवा लावायचंही भान नसायचं तिला. त्या घरात आम्ही दोघीच होतो आणि दोघींनाही तिसरी हवी होती.

वर्ष झालं की आमच्याकडे वाटप असतं. गेलेल्या माणसाच्या नावाने सगळ्या गावाला जेवू घालायचं आणि घरात जे चांगलं असेल ते लोकांना देऊन टाकायचं. जितकं हातातून सुटेल तितका मान. ट्वायलाने त्या वर्षभरात चांदणीच्या नक्षीच्या गोधड्या शिवल्या, शाली जमवल्या, किटल्या, टॉवेल, पातेली आणली. वाटपाच्या सकाळी हे सगळं लेलंडच्या उघड्या ट्रकमध्ये रचलं. वारा तर तुम्हाला सांगितलाच. गोधड्यांवर धूळ बसू नये म्हणून ट्वायलाने मला वरून पसरलं आणि दोरीने बांधलं. मी मोठ्या ऐटीत निघाले.

सभागृहापाशी पोहोचल्यावर ट्वायलाला नातेवाइकांच्या रांगेत उभं राहावं लागलं. लोक येत होते, हात हातात घेत होते, रडत होते. ट्रक रिकामा केला लेलंडने. बिचारा लेलंड! बायकोच्या दुःखाने त्याचं कशातच लक्ष नव्हतं. जे हाताला लागलं ते त्याने आत नेऊन मांडलं. मलाही. नीट घडी घालून, दोन गोधड्यांच्या मधे.

पुकारणाऱ्या माणसाने मदत करणाऱ्यांची नावं घेतली, म्हाताऱ्यांची घेतली, मग म्हणाला, "दुरून आलेल्यांनी पुढे या. तुम्ही, मागे बसलेले. हो, तुम्हीच. नाव काय? मोठ्याने सांगा!"

"क्लेमंट ब्लू कोट," मागून एक बारीक आवाज आला. एक वाळलेला म्हातारा भीत भीत पुढे आला. आणि मित्रांनो, कुणीतरी मला उचलून त्याच्या हातांवर ठेवलं.

तो रीतीप्रमाणे रांगेतल्या सगळ्यांचे हात हातात घेत ट्वायलापर्यंत पोहोचला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही मला ओढून घेणार. तिने त्याचा हात हातात घेतला, हलवला आणि म्हणाली, "लांबून आलात. बरं वाटलं."

जेवणाच्या रांगेत क्लेमंट मला काखेत धरून उभा होता. खांबापलीकडे ट्वायला आणि लेलंड कुजबुजत होते, ते मला ऐकू येत होतं.

"दाजी, वर बांधलेली घोंगडी..."

"ती? ती पण द्यायची नव्हती?" मग त्याला उमगलं. "अरे देवा. तिचं ठिगळ. मी जातो, सांगतो त्याला, चूक झाली म्हणून."

"काय सांगणार? कॉर्लिसच्या नावाने दिलेलं कॉर्लिसच्या नावाने परत मागणार? भर सभागृहात?"

"मग बदल्यात माझा ट्रक देतो!"

"तुमचा ट्रक फुकट दिला तरी कुणी नेणार नाही," ट्वायला म्हणाली आणि तोंडाला पदर लावावा तशी शाल लावून रडू लागली. आमच्यात दिलेलं परत मागत नाहीत. मेले तरी मागत नाहीत. क्लेमंटने रस्सा प्यायला, बेरीचं गोड खाल्लं, तळलेली भाकरी कागदात बांधून घेतली आणि मला घेऊन दूरच्या आपल्या गावी निघाला.

आता क्लेमंटची गोष्ट. बायको वारलेली, मुलं लांब शहरात, घर एका खोलीचं. त्याने माझं काय केलं असेल? दुकानातून एक पारदर्शक पिशवी आणली, मला आत सरकवलं, तोंड बांधलं आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलं. कुणी आलं की मान वर करून दाखवायचा, "ती बघा. मला मानाने मिळालीय. फार जुनी दिसते. भोकं बघितलीत? गोळ्यांची असणार."

"कुठल्या लढाईतली?" शेजारी विचारायचे.

"असलं विचारू नये," असं म्हणून तो विषय बदलायचा. गोळ्या म्हणे! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, साळिंदर, साळिंदर! पण पिशवीचं तोंड बांधलेलं.

तसे हाल कुणी माझे केले नाहीत, हे कबूल. चिखल नाही, काटे नाहीत, घोड्याचा घाम नाही. पण त्या फळीवर मला जितकं एकटं वाटलं तितकं पेटीतही वाटलं नव्हतं. पेटीत निदान अंधार होता. इथे सगळं दिसायचं आणि हाताला काही लागायचं नाही. हिवाळ्यात त्याचा घर तापवायचा गॅस संपला. म्हातारा कोटावर कोट चढवून, टोपी कानांवर ओढून, दात वाजवत माझ्याखाली बसला होता. मी हातभर वर होते, अंगभर लोकर घेऊन. त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हात बगलेत घातले. मला पांघरायचं त्याच्या स्वप्नातही आलं नसावं. तुम्हीच सांगा, अशा मानाला काय चाटायचंय?

बर्फ वितळल्यावर एका दुपारी दारात एक ट्रक खडखडत थांबला. तो आवाज मी कुठेही ओळखीन.

"मेव्हणीबाई, गाडी तापलीय. पाणी मागून आणतो," बाहेर लेलंड म्हणत होता.

"तापलीय? आत्ता तर वाऱ्याने माझे कान गारठले."

"मला गाडीतलं जास्त कळतं की तुम्हाला? चला, तुम्हीही चला."

क्लेमंटने दार उघडलं आणि तो जागच्या जागी थिजला. "अहो, तुम्ही! वाटपाच्या घरच्या! या, या, आत या."

ट्वायलाने आधी त्याला ओळखलं, मग फळीकडे पाहिलं, मग लेलंडकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. क्लेमंटच्या गावच्या शाळेत तिला आठवडाभर शिकवायला बोलावलं होतं, आणि दाजीने बेत करून गाडी इथे तापवली होती.

कॉफी झाली. डब्यातलं मांस, बिस्किटं, घरात जे होतं ते सगळं म्हाताऱ्याने मांडलं. आता आमची आणखी एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या घरी येऊन तुम्ही एखाद्या वस्तूची तारीफ केलीत की ती तुमची. घरधन्याने काढून द्यायचीच. म्हणजे बघा, ट्वायलाने एक चांगला शब्द काढायचा, 'सुरेख' एवढं म्हणायचं, की मी त्या फळीवरून खाली, तिच्या मांडीवर, तिच्या घरी. मागावंही लागणार नव्हतं. पिशवीच्या आत मी श्वास रोखून बसले.

ट्वायला माझ्याकडे पाठ होईल अशी खुर्ची वळवून बसली.

"क्लेमंट," लेलंड घसा साफ करून म्हणाला, "ती तिथली, ती काय सुरेख..."

"कॉफी," ट्वायला घाईने म्हणाली. "सुरेख कॉफी आहे असं म्हणायचंय दाजींना."

"कॉफी तर आहेच. पण मी म्हणत होतो ती वरची..." टेबलाखाली त्याच्या नडगीवर लाथ बसली असणार, कारण त्याचा आवाज एकदम बदलला. "खिडकी. सुरेख खिडकी आहे तुमची."

क्लेमंटने फुटक्या काचेला पुठ्ठा लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. "हवीय का? न्या बापडे. पुठ्ठ्यासकट न्या. भिंत तेवढी राहू द्या मला."

तिघेही हसले. हसताना म्हातारा मोकळा झाला आणि बोलू लागला. "तुम्हाला सांगतो बाई, माझी रोझाना गेली तेव्हा मला तिचं वर्ष घालता आलं नाही. मांडायला घरात काही नव्हतंच. लोकांसमोर उभं कसं राहायचं? तेव्हापासून मी कुठे जातच नव्हतो. त्या दिवशी पुतण्याने बळेच गाडीत घातलं. म्हटलं, कोपऱ्यात बसू, रस्सा पिऊ, निघू. आणि तुम्ही लोकांनी माझं नाव मोठ्याने पुकारून हे हातात ठेवलंत. घरची जुनी, इतकी जपलेली वस्तू. मला! कित्येक वर्षांत माझं नाव कुणी असं घेतलं नव्हतं हो." त्याने बाहीने डोळे पुसले. "घरातून निघताना या घोंगडीला सांगून निघतो मी."

लेलंडने मान खाली घातली. ट्वायला उठली. सरळ फळीशी आली, मला खाली काढलं आणि पिशवीची गाठ सोडली. तिचे हात! तेच हात, सुईने टोचलेले, बोटांना रंग लागलेले. तिने मला छातीशी धरलं आणि एक दीर्घ श्वास घेतला. बोल, मी मनात म्हणत होते. बोल गं बाई. एक शब्द बोल.

"ही थंडीत पांघरत नाही तुम्ही?" तिने विचारलं.

"छे! हिला? लढाईतली वस्तू ती."

"लढाई कसली! साळिंदरं पकडायचो आम्ही हिने. ही सगळी त्यांची भोकं."

हसता हसता क्लेमंटला ठसका लागला. "अख्ख्या गावाला मी गोळ्या सांगितल्या!"

"सांगा की. साळिंदर काही कमी लढत नाही." मग आवाज नीट करून म्हणाली, "उभे राहा."

तो उभा राहिला. ट्वायलाने मला झटकलं, उलगडलं आणि त्याच्या खांद्यांवर पांघरलं, ज्याचा मोठा मान करायचा त्याला आमच्यात पांघरतात तसं. पुढे दोन्ही टोकं जुळवून त्याच्या हातात दिली. "माझी बहीण कॉर्लिस हिच्या नावाने," ती म्हणाली. "आणि रोझानाच्याही. पुन्हा पिशवीत दिसली तर येऊन भांडेन."

मग तिने मला सोडलं.

दारात क्लेमंट मला पांघरून उभा होता, म्हणून मला बाहेरचं दिसलं. ट्वायला ट्रकमध्ये बसली आणि तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं. लेलंडने तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ट्रक सुरूच होईना.

"गाडी निवायची वाट बघताहेत," क्लेमंट मला म्हणाला.

ती पुन्हा आली नाही. मला वाटतं, येणारही नाही. शाळेतल्या स्वयंपाकिणीने क्लेमंटला सांगितलं की ट्वायलाने आता नवी हिरवी घोंगडी घेतलीय आणि तिच्याकडची मुलं त्यावरून काटे वेचतात. एक मुलगी फार छान शिवते म्हणे. ऐकून मला आनंद झाला आणि त्या हिरव्या घोंगडीचा रागही आला. दोन्ही खरं आहे. क्लेमंट मला रोज पांघरतो, माझ्यावर कॉफी सांडतो, मला घेऊन ओट्यावर बसतो. ऊब देण्याचं काम मी नेटाने करते. पण संध्याकाळी ओढ्याकडून वारा आला की त्या दोघींसाठी माझा जीव कासावीस होतो. तसं सांगायला इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी मानाने दिलेलं काहीतरी पिशवीत बांधून ठेवलेलं असेल. ते काढा. वापरा, मळू द्या, फाटू द्या, ठिगळ लावा. आणि एवढं ऐकलंत तर माझं अजून एक ऐका. कधी क्लेमंट भेटला तर त्या दिवशी मी ट्रकमधून कशी उतरले ते त्याला सांगू नका. त्याला वाटतं, मला त्याच्यासाठीच ठेवलं होतं.